उभी गाडी, चालू इंजिन : उन्हाळ्यातील उष्णतेचा हिशेब

संसाराला दोन चाके असतात, असे आपल्याकडे म्हणण्याची पद्धत आहे. आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या अनेकांच्या बाबतीत हे वचन अक्षरशः खरे ठरले आहे. कोणी विमा प्रतिनिधी झाला, कोणी घरोघरी पार्सल पोहोचवितो, कोणी पंचवीस किलोमीटरवरच्या खेड्यातील शाळेत रोज जाऊन येतो, तर कोणी पहाटे भाजीचे क्रेट बांधून बाजार समिती गाठतो. या सर्वांच्या उपजीविकेचा भार शंभर-सव्वाशे सीसीच्या एका इंजिनावर असतो. त्या ‘इंजिनाचे काम निघाले’ की महिन्याची मिळकत तर जातेच, शिवाय आठ-दहा दिवस गाडी गॅरेजमध्ये पडून राहिल्याने रोजगारही बुडतो. म्हणून उन्हाळा सुरू झाला की वाहनचालकांच्या मनात काही प्रश्न हमखास येतात. भर दुपारी सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवावे की बंद करावे? उभ्या गाडीत इंजिन खरोखर जास्त तापते का? तापलेल्या इंजिनावर पाणी टाकावे का? या प्रश्नांना चार मिस्त्री चार उत्तरे देतात. ऑटोमोबाईल विषय शिकविणारा एक शिक्षक या नात्याने त्यामागील कारणमीमांसा येथे मांडत आहे. कारण कळले की उत्तर ज्याचे त्याला काढता येते.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडून इंधन पेटते, तेव्हा आतील वायूंचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. पिस्टन आणि हेड मात्र ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याच्या मिश्रधातूंची ताकद ३०० अंशांच्या आसपासच झपाट्याने घटू लागते. मग पिस्टन वितळत का नाही? याची कारणे अनेक आहेत. ज्वाला क्षणभरच असते. चार स्ट्रोकपैकी एकाच स्ट्रोकमध्ये तिचा मारा होतो आणि पुढच्या फेरीला बाहेरची ताजी हवा आत येते. धातूच्या पृष्ठभागाला लागून वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो, तोही धातूचे रक्षण करतो. परंतु सर्वांत महत्त्वाचे कारण असे की, धातूत शिरलेली उष्णता सतत बाहेर काढून नेली जात असते. ही वाहतूक अखंड चालली पाहिजे. ती मंदावली की तापमान चढू लागते.

आता उष्णतेचा जमाखर्च पाहू. जळलेल्या पेट्रोलमधील ऊर्जेचा ढोबळमानाने एक चतुर्थांश भागच गाडी ओढण्याच्या कामी येतो. उरलेल्यापैकी बरीचशी ऊर्जा सायलेन्सरमधून निघून जाते आणि बाकीची सिलिंडरच्या भिंतींतून व हेडमधून बाहेर पडते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. लिटरला ६० किलोमीटर जाणारी गाडी ताशी ५० च्या वेगाने धावते तेव्हा तासाला सुमारे ८३० मिलिलिटर पेट्रोल लागते. त्याची ऊर्जा सात किलोवॅटच्या थोडी वर भरते. त्यातील काम वजा केले तर साडेपाच किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकावी लागते.

गाडी उभी आणि इंजिन चालू, यालाच तांत्रिक भाषेत आयडलिंग म्हणतात. या अवस्थेत लहान गाडीला तासाला साधारण २०० मिलिलिटर पेट्रोल लागते असे धरू. त्याची ऊर्जा १.८ किलोवॅटच्या जवळपास भरते. चाक फिरत नसल्याने कामाच्या खात्यावर काहीच जमा होत नाही, त्यामुळे ही सारी ऊर्जा शेवटी उष्णताच होते. बादलीत पाणी तापविण्यासाठी आपण जो विजेचा रॉड वापरतो, तो दीड ते दोन किलोवॅटचा असतो. तेव्हा चौकात उभी असलेली प्रत्येक मोटरसायकल म्हणजे चालू ठेवलेला एक रॉडच होय, एवढे चित्र डोळ्यासमोर आणावे. या उष्णतेचा मोठा हिस्सा सायलेन्सरवाटे जातो हे खरे, पण उरलेला हिस्सा धातूतच शिरतो.

म्हणजे उभ्या गाडीत तयार होणारी उष्णता धावत्या गाडीच्या जेमतेम एक तृतीयांश असते. येथे वाचकाला वाटेल की मग काळजी कसली? काळजी खर्चाच्या बाजूला आहे. जमा एक तृतीयांशावर आली, पण खर्च त्याहून कितीतरी अधिक घटला. तो का घटला, हे समजण्यासाठी बशीतला चहा आठवावा.

वारा थांबला की

कपातला गरम चहा आपण बशीत ओततो आणि त्यावर फुंकर घालतो. बशीमुळे चहाचा पृष्ठभाग वाढतो आणि फुंकरीमुळे त्यावरची तापलेली हवा हटून नवी हवा येते. चहा निवण्यात बाष्पीभवनाचाही वाटा असतो आणि इंजिनात तो नसतो, एवढा फरक सोडला तर हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची रचना याच दोन गोष्टींवर उभी आहे. सिलिंडरच्या आणि हेडच्या बाहेरून जे पातळ पंख काढलेले असतात, ज्यांना गॅरेजमध्ये फिन्स म्हणतात, ते म्हणजे बशी. गाडीच्या वेगाने समोरून येणारा वारा ही फुंकर. ॲल्युमिनियम वापरण्याचे कारणही येथेच आहे. बिडाच्या तुलनेत त्याचे मिश्रधातू सुमारे तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेतात, त्यामुळे पंखाच्या टोकापर्यंत ती लवकर पोहोचते. जळालेला वायू जेथून बाहेर पडतो त्या तोंडाजवळ इंजिन सर्वाधिक तापते. उभ्या सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत हे तोंड पुढच्या बाजूला, वाऱ्याच्या वाटेवर ठेवलेले दिसेल.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाची हवा. गाडी थांबताच ही फुंकर थांबते. त्यानंतर उरतो तो केवळ तापून वर जाणाऱ्या हवेचा स्वाभाविक प्रवाह. तो मुळातच मंद असतो. त्यात सिलिंडर उभा असेल तर त्याचे पंख आडवे असतात, कारण ते समोरून येणाऱ्या वाऱ्यासाठी बेतलेले असतात. तापलेल्या हवेला वर जायचे असते, तर तिच्या डोक्यावर आणि पायाखाली धातूचा पंख आडवा येतो. दोन पंखांमधल्या फटीत ती कोंडून राहते. धावत्या गाडीसाठी जी रचना उत्तम, तीच उभ्या गाडीत अडसर बनते. यात रचनाकाराची चूक नाही. मोटरसायकल चालण्यासाठी बनविलेली असते आणि तिने अर्धा तास जागच्या जागी गुरगुरत राहावे, हा तिचा मूळ हेतूच नव्हता.

आता उन्हाचा वाटा किती ते पाहू. तापलेली वस्तू किती वेगाने निवते हे तिच्या आणि भोवतालच्या हवेच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते, हा न्यूटनच्या नावाने ओळखला जाणारा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. पंख १५० अंशांवर आहेत असे समजा. हिवाळ्यात हवा २५ अंश असेल तर फरक १२५ चा, चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात हवा ४५ अंश असेल तर फरक १०५ चा. म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता साधारण सोळा टक्क्यांनी कमी झाली. तेवढीच उष्णता बाहेर टाकायची तर इंजिनाला २० अंश अधिक तापावे लागेल. हवा जितके अंश चढेल, साधारण तितकेच अंश इंजिनही चढते.

यावरून माझ्या मते एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. आपण सारा दोष उन्हाला देतो, परंतु उन्हाचा वाटा वीस-पंचवीस अंशांचा. वारा थांबल्याचा वाटा त्याहून बराच मोठा. मे महिन्यातील रिकाम्या महामार्गावर ताशी ५० ने जाणारी गाडी जितकी सुखात असते, तितकी ती डिसेंबरातील तुंबलेल्या चौकात नसते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे मात्र कठीण. त्यातही चौकातली हवा वेधशाळेच्या आकड्याइतकी राहत नाही. डांबरी रस्ता दुपारी ६० अंशांच्याही पुढे तापतो आणि पुढच्या वाहनाचा धूर, बाजूच्या बसचे इंजिन यांची भर पडते. वेधशाळेचा तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत असतो. आपली गाडी तशा जागी उभी नसते.

तापमान चढते तरी किती वेगाने? एक अंदाज बांधता येतो. इंजिनाचे वजन २५ किलो धरले आणि धातूत शिरणारी उष्णता पाऊण किलोवॅट धरली, तर काहीच उष्णता बाहेर गेली नाही असे मानूनही सबंध इंजिन मिनिटाला अडीच-तीन अंशांच्या वेगाने चढेल. प्रत्यक्षात काही उष्णता बाहेर जातेच, म्हणून वेग त्याहून कमी राहतो. वरचा भाग, म्हणजे हेड आणि सिलिंडर, मात्र अधिक वेगाने तापतो, कारण उष्णता आधी तेथेच शिरते. म्हणून एका मिनिटाच्या सिग्नलने निरोगी इंजिनाचे काहीच बिघडत नाही. दहा-पंधरा मिनिटांची कोंडी, तीही घाट चढून किंवा दोघे-तिघे बसवून भार ओढून आल्यानंतरची, ही वेगळी गोष्ट आहे. अशा वेळी इंजिन आधीच तापलेले असते आणि त्या साठ्यावर नवी भर पडत राहते.

लहान इंजिनाचा येथे एक फायदा असतो. वाटीतले वरण लवकर निवते, पातेल्यातले तासभर गरम राहते. आकार वाढला की आतील जागा पृष्ठभागापेक्षा अधिक प्रमाणात वाढते. म्हणूनच शंभर सीसीची गाडी आयडलिंगमध्ये कुठेतरी समतोल साधून तग धरते, तर साडेतीनशे सीसीची हवेवर थंड होणारी भारदस्त गाडी त्याच चौकात चालकाच्या पोटऱ्या भाजू लागते. ज्यांनी हौसेने मोठी गाडी घेतली आहे, त्यांनी ‘लहान गाडीला काही होत नाही, मग हिला काय होणार’ असा तर्क करू नये.

मिरवणुकीचा वेग

आपल्या समाजाच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत जवळचा प्रसंग म्हणजे १४ एप्रिलची मोटरसायकल रॅली. एप्रिलच्या मध्यावर विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशीच्या घरात असतो. शेकडो गाड्या पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने सरकत असतात. पुढे ढोल-ताशा थांबला की मागची रांग थांबते, पण इंजिन कोणीच बंद करत नाही. उष्णतेच्या हिशेबाने पाहिले तर उभे राहण्यापेक्षाही ही अवस्था अधिक जाचक असते. वारा जवळपास नाही, आणि इंजिनावर भार मात्र आहे.

येथे क्लचचा मुद्दा येतो. इतक्या कमी वेगात गाडी पहिल्या गिअरमध्येही सरळ चालत नाही, म्हणून चालक क्लच अर्धा दाबून ठेवतो. क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घासत राहतात आणि त्या घर्षणाची उष्णता थेट इंजिन ऑइलमध्ये जाते, कारण मोटरसायकलीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. त्यात कित्येक जण हँडलच्या खाली, क्रॅशगार्डवर कापडी फलक बांधतात. जो काही थोडा वारा सिलिंडरपर्यंत पोहोचला असता, तोही त्यामुळे अडतो. झेंडा मागे लावावा, फलक लावायचाच तर हेडलाइटच्या वर लावावा. सिलिंडरसमोरची जागा मोकळी ठेवावी. आणि ॲक्सिलरेटर पिळून सायलेन्सरचे बार काढण्याचा जो प्रकार तरुण मंडळी करतात, त्याबद्दल ध्वनिप्रदूषणाचे मुद्दे बाजूला ठेवून निव्वळ इंजिनाच्या बाजूने एवढेच सांगतो की, जितके पेट्रोल जळते तितकी उष्णता वाढते, आणि उभ्या गाडीत वारा मात्र एका कणानेही वाढत नाही. ‘रेस केल्याने इंजिन मोकळे होते’ हा समज निराधार आहे.

गमतीची गोष्ट अशी की मिरवणुकीचा हा प्रश्न अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसनलाही सोडवावा लागला. तिच्या इंजिनात दोन मोठे सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे एकामागे एक असतात. मागच्या सिलिंडरला ताजी हवा मिळत नाही, पुढच्याने तापविलेली हवाच त्याच्या वाट्याला येते. म्हणून त्यांच्या हवेवर थंड होणाऱ्या काही गाड्यांत अशी योजना केली गेली की, गाडी उभी असताना इंजिन फार तापले तर संगणक मागच्या सिलिंडरचे इंधन बंद करतो. त्याचा पिस्टन वर-खाली होतच राहतो, पण आत आग नसते. तो बाहेरची हवा ओढतो आणि सोडतो, म्हणजे सिलिंडर आतून निवू लागतो. इंजिनाचा आवाज त्या वेळी लंगडल्यासारखा येतो. ॲक्सिलरेटर दिला की दोन्ही सिलिंडर पुन्हा कामाला लागतात. चालक मंडळी याला ‘परेड मोड’ म्हणतात. आपल्या एका सिलिंडरच्या गाडीत ही सोय शक्य नाही. आपल्या हाती असलेला परेड मोड म्हणजे चावी.

स्कूटरची गोष्ट निराळी आहे. तिचे इंजिन पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या आवरणात झाकलेले असते, वारा त्याला लागतच नाही. म्हणून क्रँकशाफ्टच्या टोकाला मॅग्नेटवर एक पंखा बसविलेला असतो आणि आवरणातून तो हवा सिलिंडरवर फेकतो. आपल्या जुन्या बजाज चेतकमध्ये हीच व्यवस्था होती, आजच्या बहुतेक पेट्रोल स्कूटरमध्येही तीच आहे. हा पंखा इंजिनाबरोबर फिरत असल्याने गाडी उभी असतानाही फुंकर चालू राहते. चौकातल्या कोंडीपुरते बोलायचे तर स्कूटर या बाबतीत मोटरसायकलीहून सुरक्षित आहे. अट एकच, पंख्याचे आवरण फुटलेले नसावे आणि त्याच्या जाळीत चिंध्या, पालापाचोळा अडकलेला नसावा.

पाण्यावर थंड होणाऱ्या गाड्या आपल्या रस्त्यांवर आता सर्रास दिसतात. कल्पना मात्र नवी नाही. १८९४ साली जर्मनीतील म्युनिक येथे हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी बनविलेली मोटरसायकल पाण्यावरच थंड होत असे, आणि त्या पाण्याची टाकी म्हणजे मागच्या चाकाचे मडगार्ड होते. आजच्या गाडीत पंप कूलंट फिरवितो, रेडिएटरमध्ये ते निवते आणि गाडी उभी असताना तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की विजेचा पंखा सुरू होतो. चौकात एकदम पंख्याचा घरघराट सुरू झाला तर घाबरू नये, व्यवस्था नीट काम करीत असल्याची ती खूण आहे. उलट असह्य उन्हात बराच वेळ थांबूनही पंखा लागत नसेल आणि तापमानाचा काटा चढत असेल, तर ती काळजीची बाब. रेडिएटरचे झाकण दाबाखाली असते. दाबामुळे आतील द्रव १०० अंशांना न उकळता त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला उकळतो. गरम असताना झाकण उघडले की दाब एकदम उतरतो आणि उकळते द्रव तोंडावर उसळते. त्यामुळे इंजिन पूर्ण निवल्याशिवाय त्याला हात लावू नये. आपल्याकडचे बोअरवेलचे पाणीही रेडिएटरमध्ये नेहमीसाठी भरू नये. पाणी तापविण्याच्या रॉडवर जो पांढरा क्षार बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

तेलाची दुहेरी नोकरी

शंभर सीसीच्या गाडीत जेमतेम एक लिटर तेल असते. वंगण करणे ही त्याची ओळखीची नोकरी. दुसरी नोकरी उष्णता वाहून नेण्याची, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात नसते. पिस्टनच्या आतल्या बाजूला आणि हेडमधल्या कॅमशाफ्टपाशी वारा पोहोचूच शकत नाही. तेथली उष्णता तेल उचलते आणि खाली क्रँककेसमध्ये आणून सोडते.

आयडलिंगमध्ये तेलावर दोन्हीकडून संकट येते. तेलाचा पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. मिनिटाला पाच हजार फेऱ्या असताना जेवढे तेल वर जाते, त्याच्या मानाने चौदाशे फेऱ्यांवर फारच थोडे जाते. दुसरीकडे तापलेले तेल पातळ होते आणि दोन धातूंच्या मधला त्याचा थर विरळ होतो. डब्यावर लिहिलेल्या ‘१० डब्ल्यू ३०’ किंवा ‘२० डब्ल्यू ४०’ या आकड्यांचा अर्थ येथे कळतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतील वागणुकीचा आणि नंतरचा आकडा १०० अंशांवरील घट्टपणाचा. उन्हाळा आहे म्हणून आपल्या मनाने अधिक घट्ट तेल घालण्याची पद्धत काही गॅरेजांत आहे. ती मला पटत नाही. गाडीच्या पुस्तिकेत जे सांगितले आहे तेच घालावे. पातळ तेलासाठी बेतलेल्या इंजिनात फार घट्ट तेल वरपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. तेलाचा दर्जा आणि ते वेळेवर बदलणे, हे त्याहून महत्त्वाचे. मोटारीचे तेल मोटरसायकलीत घालू नये, कारण त्यातील काही घटकांमुळे तेलात बुडालेला क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ हा शिक्का पाहून घ्यावा.

इतके सारे जपूनही तापमान हाताबाहेर गेले तर नेमके काय होते? हिरो होंडाच्या ९७.२ सीसीच्या इंजिनाचे उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या ओळखीचे आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तर तो ज्या नळकांड्यात सरकतो ते आतून बिडाचे. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. दोघांचेही तापमान १०० अंशांनी वाढले तर पिस्टन ०.११ मिलिमीटरने आणि सिलिंडर ०.०५ मिलिमीटरच्या थोडे वर फुगतो. दोहोंतील फट त्या मानाने साधारण ०.०६ मिलिमीटरने आकसते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतकी. मुळात ती फटच मिलिमीटरच्या काही शतांश एवढी ठेवलेली असते. रचनाकारांनी कामाच्या तापमानाचा हा हिशेब आधीच धरलेला असतो, परंतु त्याच्या पलीकडे गेले आणि तेलाचा थर तुटला की पिस्टन भिंतीला घासू लागतो. सिलिंडरवर उभे ओरखडे पडतात, रिंगा चिकटतात आणि शेवटी इंजिन जाम होते. गॅरेजमध्ये याला ‘सीज होणे’ म्हणतात. बहुतेक गाड्यांवर ही वेळ एकाएकी येत नाही. आधी कित्येक उन्हाळे तेल जळत असते, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असतो आणि मालक वरून तेल ओतत राहतो.

धोक्याच्या खुणा ओळखता येतात. गाडी ओढीला मंद पडते. उभ्या गाडीत न्यूट्रल सापडेनासा होतो. चौक सुटल्यावर एकदम वेग देताच इंजिनातून बारीक टकटक ऐकू येते. हा ज्वलन वेळेआधी, अनियंत्रित होत असल्याचा आवाज असतो आणि तो पिस्टनला फार घातक. तेल करपल्याचा वास येतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडावा आणि सावली गाठावी.

काय करावे, काय टाळावे

सिग्नल अर्ध्या मिनिटाहून लांब असेल तर इंजिन बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वारंवार बंद-चालू केल्याने गाडी खराब होते, ही भीती लहान गाड्यांच्या बाबतीत अवाजवी आहे. २०१४ साली आलेल्या स्प्लेंडर आय-स्मार्ट या गाडीत तर कारखान्यानेच ही सोय करून दिली. न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभे राहिले की इंजिन आपोआप बंद होते आणि क्लच दाबला की सुरू होते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला तापल्यावर पुन्हा सुरू होण्यास कधीकधी वेळ लागतो, कारण तिच्या कार्ब्युरेटरमधले पेट्रोलही तापलेले असते. अशा वेळी चोक ओढू नये. ॲक्सिलरेटर किंचित उघडा ठेवून किक मारावी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या गाड्यांत इंधनाचे प्रमाण संगणक इंजिनाच्या तापमानानुसार ठरवितो, त्यामुळे त्यांत ही तक्रार फारशी उरलेली नाही.

घाट चढून आल्यावर गाडी उभी करून इंजिन ‘निवण्यासाठी’ चालू ठेवणारे पुष्कळ भेटतात. हवेवर थंड होणाऱ्या गाडीत त्याचा उपयोग होत नाही, हे आतापर्यंतच्या विवेचनावरून ध्यानात आले असेल. त्यापेक्षा मुक्काम येण्याआधीचे शेवटचे किलोमीटर-दीड किलोमीटर वरच्या गिअरमध्ये, हलक्या हाताने चालवावे. वारा मिळतो, भार कमी असतो, आणि इंजिन पोहोचेपर्यंत पुष्कळसे निवलेले असते. मग सरळ बंद करावे.

तापलेल्या इंजिनावर बादलीने पाणी कधीही ओतू नये. जुन्या पिढीतील पालकांना कंदिलाची काच आठवत असेल. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचे शिंतोडे उडाले की ती तडकत असे. धातू काचेइतका ठिसूळ नसला तरी एका बाजूने एकदम आकसला तर हेड वाकते किंवा गॅस्केटमधून गळती सुरू होते. शिवाय उसळणाऱ्या वाफेने हात भाजतो ते वेगळेच. पावसात धावणाऱ्या गाडीवर थेंब पडतात त्याने काही होत नाही, कारण ते थोडे-थोडे आणि सतत पडतात.

पंखांची स्वच्छता मात्र थंड इंजिनावर पाण्यानेच करावी. शेतातल्या काळ्या मातीचा लेप पंखांत वाळून बसला की ती फट बुजते, आणि माती उष्णतेची वाईट वाहक असल्याने इंजिनाला गोधडी पांघरल्यासारखे होते. जुन्या टूथब्रशने ती काढून टाकावी. काही गाड्यांत पंखांच्या मध्ये रबराचे लहान तुकडे बसविलेले असतात. तो कचरा नव्हे, पंखांचा कंपनाचा आवाज कमी करण्यासाठी ते असतात, म्हणून उपटून टाकू नयेत. धुतल्यावर गाडी वाळू द्यावी.

बंद खोलीत किंवा शटर ओढलेल्या दुकानात इंजिन चालू ठेवू नये. त्याचा संबंध उष्णतेशी कमी आणि कार्बन मोनॉक्साइडशी अधिक आहे. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो माणसाचा जीव घेतो. वाळलेल्या गवतावर, कडब्याच्या शेजारीही तापलेली गाडी उभी करू नये, कारण आजच्या सायलेन्सरमधील धूर शुद्ध करणारा भाग कित्येक शंभर अंश तापलेला असतो.

शेवटी तेल तपासण्याची रीत सांगतो, कारण ती अनेक जण चुकीची करतात. गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर उभी करावी. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे आणि वरचे तेल खाली उतरण्यासाठी दोन-तीन मिनिटे थांबावे. मग तेलाची पट्टी काढून स्वच्छ फडक्याने पुसावी आणि पुन्हा आत घालावी. बहुतेक लहान गाड्यांत ती या वेळी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, तरी आपल्या गाडीची पुस्तिका एकदा पाहून घ्यावी. तेलाची रेघ वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवी. खालच्या खुणेशी आली असेल तर त्याच प्रकारचे तेल थोडे-थोडे घालून वरच्या खुणेच्या आत आणावे. वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नये, कारण जादा तेल घुसळले जाऊन फेसाळते आणि अधिकच तापते. मार्च ते जून या काळात ही तपासणी दर पंधरा दिवसांनी करावी.